मालकांची पेटी, माझा डोळा

धाकटे,

तुला थोरलीचा पोटभर आशीर्वाद. तुझं पाकीट सोमवारी पोचलं. पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, चारही कडांना एवढा डिंक की तुझ्या भाचेसुनेला कात्री घ्यावी लागली. फक्त आत पत्र नव्हतं. ती बिचारी पाकीट उलटं करून झटकतेय, खिडकीशी नेऊन उजेडात धरतेय. मी म्हटलं, राहू दे गं, आत असतं तरी मला दुसऱ्यानंच वाचून दाखवायचं, आणि धाकटीनं पत्र पाकिटात घातलं काय नि स्वयंपाकघरातल्या फळीवर विसरलं काय, दोन वर्षांत मजकूर बदललेला नाही. "ताई, डोळ्याचं काय केलंस?" एवढाच असतो. तेव्हा ते फळीवर सापडलं तर पुन्हा तिकीट वाया घालवू नकोस. पोचलं असं समज. हे त्याचंच उत्तर.

तुझा खोकला गेला का? मेहुण्यांचा पाय आता जमिनीला टेकतो का अजून स्टुलावरच असतो? इकडे सगळे होते तसेच आहेत, फक्त दमलेले आहेत. तुझा भाचा दमलाय, भाचेसून दमलीय, शिलाईचं मोठं मशीनसुद्धा हल्ली दम खात खात चालतं. मी तर बसल्या जागी दमते, त्यासाठी उठावंही लागत नाही. हे पत्र मी सांगतेय आणि भाचेसून लिहितेय. ती दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहिते, त्यामुळे मी "पळाला" म्हटलं की तिच्या हातून "पळून गेल्याचे आढळून आले" असं उमटतं. तीनदा खोडायला लावलंय. कुठे एखादं राहून गेलं असेल तर ते तिच्या पदरचं, माझं नव्हे.

डोळ्याचं उत्तर मी दोन शब्दांत दिलं असतं, पण मधे बोका आहे.

हा बोका म्हणजे नात परगावी नोकरीला गेली तेव्हा मागे ठेवून गेली तो. काळा कुळकुळीत, अंगानं भरलेला, वागायला सरकारी. दिवसभर दुकानातल्या कापायच्या टेबलावर, नेमका खडूनं आखलेल्या कापडावर, पसरलेला असतो. दुकानात गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "मालक कुठायत?" तुझा भाचा मशीनवर मान खाली घालून शिवत असायचा, त्याला ऐकू जायचं नाही. मग आपली काजबटणवाली (दुकानात काज करते, बटणं लावते ती, माझ्याच वयाच्या आसपासची, पण दात सगळे शाबूत) न बोलता टेबलाकडे बोट दाखवायची. तेव्हापासून बोक्याचं नाव मालक. तुझे भावोजी गेल्यापासून अकरा वर्षं या घरात कुणी मालक नव्हता. आता परत आहे कुणीतरी, ताट वेळेवर आलं नाही की तोंड फिरवणारं.

तर डोळा. डाव्यातला मोतीबिंदू पिकलाय, उजव्यातला पिकायच्या वाटेवर आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, आजी, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी म्हणते, तुमचं असेल. मला दिसतं गं बऱ्यापैकी. माणसं दिसतात, नुसती धुक्यातून आल्यासारखी दिसतात, आणि काही माणसं तर तशीच बरी दिसतात. पण मागे एकदा दुपारी मालकांना कुरवाळत मी पाव तास बोलत बसले, सुनेबद्दल बरंच काही बोलले, आणि मग काजबटणवालीनं माझ्या हाताखालचा काळ्या कोटाच्या कापडाचा गठ्ठा उचलून नेला. (सुनबाई, लिही, लपवायचं काय त्यात. गठ्ठ्यानं निदान ऐकून तरी घेतलं.) त्या दिवसापासून घरात सगळे हात धुऊन माझ्या डोळ्याच्या मागे लागले.

त्याच सुमाराला मालकांच्या तोंडाला वास यायला लागला. एका बाजूनं चावायचे, लाळ गाळायचे. दात किडला असणार, दवाखान्यात न्यायला हवं, असं ठरलं. मी तेवढ्यात सगळ्यांसमोर अट घातली: आधी बोक्याचा दात, मग माझा डोळा. ज्या दिवशी मालक आरडाओरडा न करता जनावरांच्या दवाखान्यात जाऊन परत येतील, त्यानंतर डॉक्टर देतील त्या पहिल्या गुरुवारी मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपेन. (त्यांचा ऑपरेशनचा वार गुरुवार.) तुझ्या भाच्यानं हातावर हात मारला. त्याला वाटलं, पाच किलोचं जनावर, त्यात काय एवढं.

पहिल्या दिवशी त्यानं मालकांना टॉवेलात गुंडाळलं, तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलं आणि चालत निघाला. दवाखाना तीन चौक सोडून आहे. पहिल्या चौकापर्यंत मालक शांत होते (विचार करत होते). दुसऱ्या चौकात एका ट्रकनं हॉर्न दिला. पुढे काय झालं ते तुझ्या भाच्याला नीट सांगता येत नाही, कारण त्या वेळी मालक त्याच्या डोक्यावर होते. तिथून बेकरीच्या छपरावर, छपरावरून भिंतीवर, आणि मग दिसेनासे. बिचारा तासभर गल्लीबोळातून "मालक, मालक" अशा हाका मारत हिंडला, लोकांना वाटलं याला नोकरीवरून काढलंय. रक्ताळलेला कान धरून घरी आला तर मालक टेबलावर बसून पंजा चाटत होते. दवाखान्यात फोन केला तर तिथल्या बाई चिडल्याच. म्हणाल्या, हातात घेऊन मांजर आणतात का कुणी? रस्त्यात सुटलं की गाडीखाली जातं. नीट बंद होणारं काहीतरी आणा, त्यात घालून आणा.

आता हे "काहीतरी" विकत मिळतं. पण तीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला जगातली कुठलीही अडचण कापडाचीच दिसते. "विकत कशाला, आई? मी शिवतो." लगेच टेप घेऊन मालकांची मापं. मालक झोपलेले होते. गळा घेतला, छाती घेतली, मानेपासून खाली पाठीची लांबी घेतली, आणि शेपटीपाशी अडला, ती मापात धरायची की सोडायची. काजबटणवाली म्हणाली, "शेपटीला वेगळा खिसा द्या." मापाच्या वहीत रीतसर नाव लिहिलं, मालक, आणि पुढे कॅनव्हास, आतून साटीनचं अस्तर. मी आपलं म्हटलं, अरे, झोपलेल्याचं माप घेतोयस, जागा झाला की ते वाढतं. तर म्हणे, "आई, मला शिकवू नकोस. ढगळ शिवलं की दुकानाचं नाव जातं." शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच पडून, आणि हा चार दिवस बोक्याची पिशवी शिवतोय. पण काय शिवली होती म्हणून सांगू! वर पाच बटणं, हवेसाठी चोवीस भोकं, प्रत्येक भोकाला काजाचा टाका. मालकांना ट्रायलला बोलावलं. आत घालायला दोन माणसं लागली. आणि बसली, गं, अंगाला अशी चोपून बसली की ती पिशवी राहिली नाही, कोट झाला. आत वळायला जागा नाही, पाय दुमडायला जागा नाही, गळ्यातून नुसतं डोकं बाहेर, पार्सलावर शिक्का मारावा तसं. त्यात कॅनव्हासला तळ कुठला? बंदानं उचलली तशी मालकांची मधोमध घडी झाली नि चारही पाय एका ठिकाणी गोळा झाले. मग जो आवाज निघाला त्यानं समोरचा घड्याळजी दुकान टाकून बाहेर आला. दाराच्या उंबऱ्याशी दुसरं नि तिसरं बटण सुटलं आणि मालक मधून पाण्यासारखे वाहून गेले. तुझा भाचा रिकामी पिशवी हातात धरून उभा. बोलला एवढंच, "अर्धा इंच सैल हवी होती." (बटणं काजबटणवालीनं लावलेली. तिनं लावलेलं बटण, कपडा झिजतो पण ते निघत नाही. चाळीस वर्षांत तिचं असं कधी झालं नव्हतं. आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही.)

मग भाचेसुनेनं सूत्रं हातात घेतली. तिनं बाजारातून चेनची पिशवी आणली. तीन बाजूंना जाळी, खांद्याला पट्टा, वर डोकं टेकेल अशी पारदर्शक गोल खिडकी. त्यात मालक बसले की पाणबुड्यासारखे दिसायचे. हिनं कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि चालायला नको, कुत्री असतात, म्हणून बसनं गेली. दुपारची बस, निम्मी माणसं पेंगलेली. दोन थांबे नीट गेले. तिसऱ्याला हिनं खाली बघितलं तर खिडकीत मालक नाहीत. चेनीच्या टोकाला दोन बोटं फट होती, तिथून त्यांनी नाक घातलं, नाकामागून डोकं, आणि डोकं गेलं की बोका गेला, हा त्यांच्यातला कायदा आहे. पुढच्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर जेवणाचा डबा घेऊन झोपले होते, ते जागे झाले तेव्हा डब्यावर मालक होते. मग काय, सगळी बस जागी झाली. एक म्हणतो खिडक्या लावा, एक म्हणते खिडक्या उघडा, त्याला गुदमरतंय, मागून एक आजोबा सांगतायत की त्याच्याकडे कुणी बघू नका, बघितलं की त्यांना अपमान वाटतो. ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली आणि म्हणाला, "एक तर तो उतरेल, नाहीतर मी उतरतो." अखेर मालक ड्रायव्हरच्याच सीटखाली सापडले. हिच्या ओढणीत गुंडाळून, पिशवी काखेत मारून, ही चालत घरी. रजा फुकट, ओढणी फुकट. (भाचेसून म्हणते, चेन मी पूर्ण लावली होती. लिही, बाई, तसंच लिही: चेन तिनं पूर्ण लावली होती.)

तिसरी तऱ्हा वरच्या मजल्यावरच्या पार्सलवाल्यांची. ते पस्तीस वर्षं पार्सलांच्या गोदामात कारकून होते. त्यांच्या हातचं पार्सल वाटेत उघडलं असं एकदाही घडलं नाही, हे ते दर भेटीत सांगतात. तू मागे आली होतीस तेव्हा तुलाही दोनदा सांगितलं होतं. ते झाकणाची वेताची मोठी टोपली घेऊन खाली आले. टोपली वाईट नव्हती हं. तळ घट्ट, हवा खेळती, मालकांना आत वळता येत होतं. झाकणाला मात्र कडी नव्हती. "कडी कशाला, सुतळी आहे ना!" म्हणाले, आणि आडवी, उभी, तिरकी अशी बांधली की टोपली दिसेना. मालक आत गेले ते ओरडतच गेले, पण बाहेर येण्याची सोय नव्हती. तेव्हा तीन चौक ओरडत का होईना, ते पहिल्यांदा दवाखान्यात पोचले. आणि तिथे गाठी सुटेनात! डॉक्टरीणबाई थांबल्यात, तुझा भाचा नखांनी सोडवतोय, दवाखान्याची कात्री पट्ट्या कापायची, ती सुतळीवर नुसती हसतेय. फोन करून पार्सलवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "सोडायचं खातं वेगळं होतं." अर्ध्या तासानं झाकण निघालं, तर मालकांनी अठराच्या अठरा नखं वेतात रुतवलेली. वरून ओढलं तर टोपलीसकट वर येतात. डॉक्टरीणबाईंची वेळ संपली, पुढे एका कुत्र्याचं ऑपरेशन होतं. वरात परत घरी.

पण त्या दिवशी तिथल्या पट्टी बांधणाऱ्या बाईंनी तुझ्या भाच्याला बाकावर बसवून शाळा घेतली. त्यानं घरी येऊन सगळं मला सांगितलं, चेहरा असा की परीक्षेत नापास झालाय. म्हणाल्या, कोट नको, गोणीही नको. मांजराला आत उभं राहता आलं पाहिजे, स्वतःभोवती एक फेरी मारता आली पाहिजे, पण वाटेत गडगडेल एवढी मोठीही नको. तळ कडक हवा, वर घसरणार नाही असं काहीतरी. कडी अशी, की आतून नाकानं उघडणार नाही आणि बाहेरून घाबरलेल्या माणसालाही उघडता येईल. दार पुढे हवं आणि वरचं झाकणही निघायला हवं, म्हणजे ओढून काढावं लागत नाही, आत बसल्या बसल्याच तपासता येतं. पट्ट्यानं लोंबकळत न्यायची नाही, खालून दोन्ही हातांनी धरायची, वर चादर टाकायची, म्हणजे त्याला ट्रक दिसत नाहीत. आणि मुख्य म्हणजे आणल्या दिवशी आत कोंबायचं नाही. आठ-दहा दिवस घरात उघडी पडू द्यायची, आत घरच्या वासाचं कापड ठेवायचं, आणि विसरून जायचं. तुझा भाचा म्हणाला, "आई, म्हणजे ढगळच हवी होती."

तशी पेटी आणली. राखाडी, कडक प्लास्टिकची, पुढे जाळीचं दार, वरचं झाकण दोन खटक्यांनी निघतं. (आणल्याबरोबर त्यानं तिचंही माप घेतलं. सवय.) मशीनखाली ठेवली. चार दिवस मालकांनी तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पाचव्या दिवशी तिच्यावर बसले, आत नाही, वर. मी मनात म्हटलं, माझा डोळा अजून वर्षभर पिकतोय.

आणि मग मागच्या सोमवारी मालकांनी खाणं सोडलं. मंगळवारी पाणीही सोडलं. बुधवारी सकाळी कपड्यांच्या कपाटाखाली, पार भिंतीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडले. तुझा भाचा दवाखान्यात विचारायला धावला, ही कचेरीत तोंड दाखवून परत यायला निघाली. आणि दोघं तासाभरात परत येतात तर काय, मालक पेटीत बसलेले. आपण होऊन. दार लावलेलं, चादर टाकलेली, मी शेजारी. गाडी बोलावली, मीही गेले सोबत. तीन चौक, एक चकार शब्द नाही. तिथे झाकण काढलं, डॉक्टरीणबाईंनी आतल्या आत तोंड उघडून बघितलं, दोन दाढा पार कुजल्या होत्या, पू झाला होता. म्हणाल्या, आणखी दोन दिवस थांबला असतात तर कठीण होतं. भूल दिली, दाढा काढल्या, संध्याकाळी घरी. आता मऊ खातात, पण पूर्वीपेक्षा जास्त खातात आणि पूर्वीपेक्षा जास्त नावं ठेवतात.

म्हणजे अट पुरी झाली. आरडाओरडा न करता गेले आणि आले. तुझ्या भाच्यानं त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. हा गुरुवार सोडून पुढचा गुरुवार, सकाळी आठ वाजता. तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता पुढच्या पत्राला नवीन मजकूर शोध.

मेहुण्यांना सांभाळ, स्वतः सांभाळून राहा. इथली काळजी करायचं कारण नाही. दमणूक सोडली तर सगळं ठीक आहे.

तुझी,
थोरली

ता. क. तू यायची घाई करू नकोस. अर्ध्या दिवसाचं तर काम आहे. इथे तुझा भाचा आहे, भाचेसून आहे, वर पार्सलवाले आहेत. तुझं घरदार टाकून एवढ्या लांब यायची काही म्हणजे काही गरज नाही. मालक आता पेटीतच झोपतात, दार उघडं असतं तरी. असं भाचेसून सांगते, मला तिथे नुसता काळोख दिसतो.

दुसरा ता. क. अक्षर बदललंय हे तू ओळखलं असशील. भाचेसून पाकीट माझ्याकडे देऊन कचेरीत गेली, पोस्टाच्या पेटीत टाका म्हणाली. मी अजून चिकटवलं नाही. आता काजबटणवाली लिहितेय. ती आजवर फक्त मापं आणि नावं लिहीत आलीय, त्यामुळे ओळी सरळ येतील, बाकीचं माहीत नाही. हे तुझ्या भाचेसुनेपुढे सांगता येण्यासारखं नव्हतं.

पिशवीची ती दोन बटणं मी कापली होती. दोरा अर्धा कापला, म्हणजे ओढ बसली की सुटेल. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना दिसतं. (इथे हिनं पेन खाली ठेवलं होतं. दारापर्यंत जाऊन आली. आता उचललंय. म्हणते, आठ दिवस माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. खरं आहे, पीत होते.) बसच्या पिशवीची चेन भाचेसुनेनं पूर्णच लावली होती, ती चप्पल घालत असताना मी दोन बोटं मागे घेतली. आणि पार्सलवाल्यांना "पक्कं बांधा हं, अगदी पक्कं" असं तीनदा मीच म्हटलं होतं. त्यांना तेवढं पुरतं. दाढेचं काय, महिन्या-दोन महिन्यांनी होईलच, असं मी धरून चालले होते. बोका असं कुजत बसेल हे माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं.

धाकटे, तुझे भावोजी गेले तेही दवाखान्यात अर्ध्या दिवसाच्याच कामाला गेले होते. सकाळी चहा पिऊन, दाढी करून गेले. संध्याकाळी त्यांचे फक्त बूट घरी आले. कुणी डॉक्टर माझ्यापुढे "अर्धा दिवस" म्हणाला की मला ते बूट दिसतात, आणि ते मात्र अगदी स्वच्छ दिसतात.

बुधवारी घरात कुणी नव्हतं. मी कपाटापुढे पालथी झोपले होते. काळा बोका, कपाटाखाली काळोख, आणि माझे हे डोळे. तो श्वास घेतोय की नाही हेच मला दिसेना. हाक मारली तर हालचाल नाही. मग हात आत घातला, खांद्यापर्यंत, आणि हाताला बरगडी लागली, ती हलत होती. तेवढ्यात मला दोन गोष्टी कळल्या. एक, माझ्याच अटीत खोडा घालायचे दिवस संपले होते. दोन, समोर पडलेलं जिवंत आहे की नाही हे ज्या बाईला हात लावल्याशिवाय कळत नाही, तिनं डोळा पिकवत बसू नये.

तो आपण होऊन पेटीत गेला नाही. मी अंगातला स्वेटर काढून पेटीत पसरला, पेटी सरकवत कपाटापर्यंत नेली आणि त्याला काखेत धरून ओढत आणलं, तो विरोध करण्याइतका उरला नव्हता. गाडीत पेटी माझ्या मांडीवर होती. दाराची जाळी इंचभर उघडी ठेवून मी आत हात घातला होता. त्यानं माझ्या मनगटावर हनुवटी टेकली. आरडाओरडा केला नाही तो म्हणून. पेटी चांगलीच आहे, मी तिला नाव ठेवत नाही. बटणांचं भाच्याला सांगू नकोस, त्याला अजून अर्ध्या इंचाची चुटपुट लागून राहिलीय. ती असू दे, त्या चुटपुटीत तो सध्या गणवेश फार चांगले शिवतो.

तेव्हा तू ये. बुधवारीच ये. वर लिहिलंय येऊ नकोस, ते खोडून काढ. तिथे ऑपरेशनच्या दारापर्यंत एका माणसाला सोडतात. तुझा भाचा दिवसभर सुया हाताळतो, पण इंजेक्शनची सुई बघून बसल्या जागी चक्कर येऊन पडतो, मग त्याला सांभाळायला आणखी एक माणूस लागेल. भाचेसून दारापर्यंत मला फॉर्मबद्दल सांगत येईल. पार्सलवाल्यांना कळवलेलंच नाही, ते मला बांधतील. तू तिथे काही बोलू नकोस. "काही होत नाही, ताई" हे तर अजिबात म्हणू नकोस, मी ते मालकांनाही म्हटलं नव्हतं. नुसता हात दे, मनगटापर्यंत. मी ओरडणार नाही.

आणि सुके अंजीर पाठव, अर्धा किलो. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर आठ दिवस अजिबात जोर करायचा नाही (कुठे, ते लिहायला काजबटणवाली नाही म्हणतेय, तू समजून घे). मऊ बघून घे, आणि स्वतःबरोबर आणू नकोस, आजच पोस्टात टाक. तू बुधवारी आलीस तरी चालेल, अंजीर सोमवारपासून सुरू करायचेत.